चांदआईला सांगायचं ते

झाकण बोटभर फिरायचं आणि अडायचं. तळहातात मावणारा गोल पत्र्याचा डबा — वर पंख्याआडून बघणाऱ्या बाईचं चित्र, तिचं नाक घासून घासून पांढरं झालेलं — आणि बाकसेंग तो पुन्हा पुन्हा दाबून फिरवत होता. ज्या अंगठ्यानं चाळीस वर्षं लाकडातल्या गाठी ओळखल्या, त्या अंगठ्याला हा डबा काही दाद देत नव्हता. आत काही उरलं नसणार हे त्याला ठाऊक होतं. गेल्या वर्षी पूजा झाल्यावर गल्लीतल्या पोरींनी बोटं बुडवून बुडवून पावडर संपवली असेल. तरी उघडून बघायला हवं होतं. पावडर गुलाबी असते की पांढरी, एवढं तरी… अडतीस वर्षं हा डबा आपल्याच अंगणात, आपल्याच टेबलावर मांडला जातो आणि आपल्याला आतला रंग माहीत नाही.

सोकखिम खिडकीपाशी खुर्चीत बसून हे सगळं बघत होती. गेल्या हिवाळ्यात, सकाळी केस विंचरताना, तिचा उजवा हात घसरून मांडीवर पडला आणि त्याच्याबरोबर वाचाही गेली. सगळं समजतं, डॉक्टर म्हणाले, फक्त शब्द बाहेर यायची वाट बंद झालीय. तिच्याकडे एकच शब्द उरला होता — 'हां'. भूक लागली, दार लावा, ऊन डोळ्यावर येतंय, सगळं त्या एका 'हां'मध्ये. आणि कुठला 'हां' कुठला, हे कळायला बाकसेंगला पाच महिने लागले.

"हां," ती म्हणाली. हा 'काय हा वेडेपणा' म्हणणारा होता.

"बरं, नवाच आणतो," तो म्हणाला. "रिकामा डबा ठेवला तर चांदआई म्हणेल, म्हाताऱ्यानं पैसे वाचवले."

आठव्या महिन्याची पौर्णिमा. दिवे लागायच्या सुमाराला बायका अंगणात टेबल मांडतील, पपनसं, उकडलेल्या अळकुड्या, पुनवेचे केक, फुलं, फणी, पावडर — बाईला लागतं ते सगळं — आणि चंद्र कौलांवर आला की एकेक जण उदबत्ती धरून पुढे होईल आणि आपल्या घरचं काय ते चांदआईला सांगेल, बाकीच्या तोवर मागे, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला पोरांच्या गलक्यात थांबतील. पुरुष तोवर गल्लीच्या तोंडाशी चहा पीत बसतात. हे कुणी कुणाला शिकवत नाही. मिसरूड फुटलं की पोरगा आपसूकच टेबलापासून उठून बाहेर जातो, आणि जो उठत नाही त्याची आई त्याच्याकडे अशी बघते की तो उठतो.

मग मी का नाही उठून गेलो, बाकसेंगच्या मनात आलं. म्हणजे गेलो, दरवर्षी गेलो, दोन पेले चहा प्यालो, आणि किटली आणायच्या निमित्तानं मागच्या बोळातून घरात येऊन अंगणाच्या दाराआड उभा राहिलो. पहिल्या वर्षी खरंच किटली हवी होती. नवी नवरी सोकखिम उदबत्ती धरून उभी होती आणि आकाशाकडे बघून अशी बोलत होती, जसं पलीकडच्या गच्चीवरच्या बाईशी बोलावं. त्याचे पायच हलेनात. चहावाल्यांनी त्या वर्षी किटलीची बरीच वाट बघितली.

छांग-अ… गल्लीत तिचं नाव कुणी घेत नाही, चांदआईच म्हणतात. तिच्या नवऱ्यानं, त्या तिरंदाजानं, मिळवून आणलेलं अमरपणाचं औषध तिनं एकटीनंच घेतलं आणि ती तरंगत तरंगत चंद्रावर जाऊन बसली, हे सगळ्याच आया पोरांना सांगतात, आणि सांगताना आवाज खाली आणतात, कारण ती चोरी होती की नाइलाज होता यावर अजून कुणाचं एकमत नाही. सोकखिम आवाज खाली आणत नसे. तिच्या तोंडी छांग-अ शेजारीण असल्यासारखी यायची. कुणाचा नवरा दिवसभर पाय पसरून बसलेला दिसला की, "अशानंच ती उठून गेली वर." बुनहुई लहानपणी काढ्याला नाक मुरडायची तेव्हा, "तिनं एका घोटात घेतलं म्हणून चंद्रावर पोचली. तुला निदान शाळेपर्यंत तरी पोचायचंय ना?" चंद्राकडे बोट दाखवलं तर चांदआई कान कापते म्हणून गल्लीतली पोरं बोटं मुठीत लपवायची, सोकखिम लेकीला सांगायची, "बोट दाखवू नकोस. काही म्हणायचं असेल तर तोंडानं म्हण, ती बहिरी नाही."

आणि त्याचा पहिला साचा. केकवाल्यासाठी त्यानं स्वतःच्या मनानं कोरलेली पहिली छांग-अ — लाकडात सगळं उलटं आणि खोल कोरायचं, उजवा हात डावीकडे, नाक आत, डोळ्यानं काही कळत नाही, शेवटी कणकेचा गोळा दाबून बघायचा — तो गोळा त्यानं मोठ्या अभिमानानं तिच्यापुढे धरला. बाह्या उडताहेत, ढग आहेत, ससा आहे. तिनं बराच वेळ बघितलं.

"ही उडतेय की कुणी उचलून नेतंय?" तिनं विचारलं.

"उडतेय."

"मग पाय कुठे आहेत? एवढ्या लांब स्वतःहून गेली ती बाई, तिला पाय तर द्या."

त्यानं घागऱ्याखालून पुढे आलेलं एक पाऊल कोरलं. फक्त एक, तांदळाच्या दाण्याएवढं. आणि ती बाई खरोखरच निघाली. पुढे तीस वर्षं केकवाले पायवाला साचा मागायला त्याच्याकडेच यायचे. लोक म्हणायचे बाकसेंगचा हात काय बारीक चालतो. हात माझा होता, ठीक आहे. पण मी पन्नास वर्षं कोरत बसलो असतो तरी मला ते पाऊल सुचलं नसतं.

डबा आणायला तो बाजारात गेला तेव्हा दुकानातल्या पोरीनं आधी त्याच्याकडे, मग त्याच्या मागे कुणी बाई आहे का ते बघितलं.

"पावडर हवीय. फेस पावडर," तो म्हणाला.

"कुणासाठी, आजोबा?"

"चांदआईसाठी."

"हो, पण रंग कुठला देऊ? गोरा, गव्हाळ, मध्यम…"

तो विचारात पडला. "गोरीच असेल ना ती."

"एवढी वर्षं उघड्यावर राहते, सांगता येत नाही," पोरगी म्हणाली आणि हसली. बाकसेंगलाही हसू आलं, आणि लगेच — घरी जाऊन सोकखिमला हे सांगायला हवं, ती यावर काहीतरी म्हणेल… रोज वीसदा हे असं होतं. पाय उचलला जातो आणि मग कळतं की पायरी तिथे नाही.

गोरा रंग घेऊन तो बाहेर पडला, पण पावलं घराकडे वळेनात. काल फोनवर बुनहुई जे बोलली ते त्याच्या डोक्यात अजून बसल्या जागेवरच होतं. बुनहुई शेन्झेनला एका कंपनीत हिशेब तपासते. छत्तीस वर्षांची आहे, जपजाप्य, उदबत्त्या यांतलं काही मानत नाही. दोनदा तिची कूस अर्ध्यावर रिकामी झाली. आता सातवा महिना चालू आहे आणि डॉक्टरांनी तिला जिना उतरायलासुद्धा बंदी केलीय, म्हणून यंदा ती आलेली नाही. फोनवर हवापाणी झालं, आईच्या गोळ्या झाल्या, आणि मग ती मुद्द्यावर आली.

"बाबा, उद्या आईचं ते… म्हणजे, चांदआईला कोण सांगणार?"

"होईल काहीतरी."

"काहीतरी नको. आई जे म्हणायची ना, तेच कुणाकडून तरी म्हणवून घ्या. मला हसू नका."

"हसत नाहीये."

"ती काय म्हणायची ते मला नीट कधी ऐकू आलं नाही, बाबा. मी तेव्हा पावडर लावण्यातच असायचे."

मला ऐकू आलंय. हे त्यानं तिला सांगितलं नाही. अडतीस वर्षं आलंय, शब्द न् शब्द, कुठे थांबायची, कुठे श्वास घ्यायची ते सुद्धा. पण पुरुषानं ते म्हणून चालत नाही. का चालत नाही? सोकखिमला त्यानं एकदा विचारलं होतं, आडून. ती म्हणाली होती, "एका पुरुषाला सोडून ती एवढ्या लांब जाऊन बसलीय. आता तिथे तुम्ही कशाला तोंड दाखवताय?" तेव्हा तो खूप हसला होता. आज हसू येईना. मी उदबत्ती धरली, ती चिडली, आणि बुनहुईला काही झालं तर… नाही. तो थोरल्या वहिनींच्या दाराकडे वळला.

थोरल्या वहिनी म्हणजे त्याच्या मोठ्या भावाची बायको. अंगण दोन्ही घरांचं एकच. त्या दारातल्या बुटक्या स्टुलावर बसून अळकुड्या सोलत होत्या आणि सोलता सोलता समोरच्या घरातल्या सुनेला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होत्या. त्याला बघून त्यांनी सुनेला सोडलं.

"या भाऊजी. पावडर आणलीत? बघू. अगबाई, अगदी नवरीला लावायची आणलीत."

"वहिनी, आज आमच्या घरचं तुम्ही सांगाल का? सोकखिम तर…"

"विचारायचं काय त्यात? मी मनात धरूनच होते. चांगला धडधाकट मुलगा मागेन म्हणते, तिळाएवढीही खोट नको."

"मुलगा नको," तो म्हणाला. "म्हणजे मुलगा, मुलगी, काहीही. पण ती जे म्हणायची तेच म्हणा."

"ती काय म्हणायची?"

इथेच मी गप्प बसायला हवं होतं. बायका चांदआईला काय सांगतात हे एकमेकींनाही सांगत नाहीत. सासू सुनेला नाही, बहीण बहिणीला नाही. ते शब्द एकीचे आणि त्या एकीचेच. हे मला ठाऊक होतं, आणि तरी मी तोंड उघडलं, कारण त्या क्षणी डोळ्यांपुढे बुनहुई होती, उशीला टेकलेली, पोटावर हात ठेवलेली.

"ती म्हणायची," तो खालच्या आवाजात म्हणाला, "चांदआई, ही माझी बुनहुई. बघून घे, गेल्या वर्षीचीच आहे. रूप तुझं दे, हिंमत तुझी दे. नशीब मात्र तुझं देऊ नकोस. आणि—"

"थांबा, थांबा." वहिनींच्या हातातली अळकुडी हातातच राहिली. "नशीब तुझं नको? असं? देवीच्या तोंडावर?"

"हो."

"दरवर्षी?"

"हो."

"आणि भाऊजी, तुम्हाला कसं ठाऊक?"

त्यानं अळकुड्यांच्या टोपलीकडे बघितलं. वहिनींनी त्याच्याकडे बघितलं, मग अंगणाच्या दाराकडे, मग पुन्हा त्याच्याकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे उमटलं ते बघून त्याचे कान तापले — सहासष्ट वर्षांच्या माणसाचे कान.

"किटली," वहिनी म्हणाल्या. "अडतीस वर्षं आमची माणसं म्हणताहेत, बाकसेंगला किटली कुठे ठेवलीय ते दर पुनवेला आठवत नाही." मग त्यांनी अळकुडी पाण्यात टाकली. "पण हे मी नाही हो म्हणणार. ती म्हणायची, तिला शोभायचं. मला भीती वाटते. मी आपलं साधं सांगेन."

घरापर्यंतच्या तीस पावलांत त्याला अडतीस वर्षांची लाज वाटली. आपल्या ऐकण्याची नव्हे — तिचं गुपित बाहेर काढून दिल्याची. जे एकच तिचं स्वतःचं म्हणून उरलं होतं, वाचा गेली तरी ते आत शाबूत असणार, तेच मी अळकुड्यांच्या टोपलीपाशी बसून वाटून आलो. संध्याकाळपर्यंत गल्लीभर होईल. वहिनी मनानं सोन्यासारख्या आहेत, पण त्यांच्या तोंडाला दार नाही.

सोकखिमला जेवण भरवताना त्यानं सांगून टाकलं. चमच्याकडे बघत सांगितलं. किटलीचं, दाराचं, वहिनींचं, सगळं. "बुनहुईसाठी केलं," तो शेवटी म्हणाला, आणि वर बघितलं.

ती त्याच्याकडे बघत होती. 'हां' आला नाही. कुठलाच नाही. तिनं डाव्या हातानं चमचा त्याच्या हातातून काढून घेतला आणि उरलेला भात स्वतःच, सांडत सांडत, सावकाश खाल्ला. राग असेल. की आणखी काही? पाच महिन्यांत शिकलेली सगळी भाषा त्या वेळी त्याच्या कामाला आली नाही. ताटाबाहेरची शितं वेचताना त्याला वाटलं, हिला बोलता आलं असतं तर आत्ता काय म्हणाली असती… आणि त्याला सुचेना. कधीच सुचायचं नाही. तिचं बोलणं नेहमी आपल्या विचारापेक्षा एक गल्ली पुढे असायचं, ती वळल्यावर मग आपण वळायचो.

दुपार उतरली. बायकांनी टेबल मांडलं, सोकखिमला खुर्चीसकट उचलून पुढे नेऊन बसवलं, कुणीतरी तिचे केस बांधले. पुरुष बाहेर पडले. बाकसेंगही पडला, चहाच्या टेबलाशी बसला, पहिला पेला तोंडाला लावला, आणि त्याचा मोठा भाऊ मान वर न करता म्हणाला, "किटली आणायची असेल ना तुला?" सगळे हसले. म्हणजे पोचलं होतं. तो उठला. आता जाण्यात लाज आणि न जाण्यातही लाज, मग गेलेलं बरं.

दाराच्या फटीतून टेबलाचं एक टोक, फुलं आणि तिची पाठ दिसत होती. चंद्र पूर्वेच्या कौलांवर नुकता टेकला होता, अजून पिवळा, उजेड न पडणारा. एकेक बाई पुढे होऊन सांगत होती आणि त्याला नेहमीप्रमाणे काही ऐकू येत नव्हतं. दिवसभर गल्ली डोक्यावर घेणाऱ्या या बायका चांदआईपुढे उभ्या राहिल्या की नुसते ओठ हलवतात. तसंच असतं ते. सगळ्या पुटपुटतात. मग… एवढ्या वर्षांत हे मला एकदाही कसं सुचलं नाही? एकटी सोकखिम आवाज काढून बोलायची. ती धीट म्हणून, असं मी धरून चाललो होतो, आणि ती धीट होतीच. पण घरात ती हळू बोलायची, लेकीला रागवतानाही हळूच. हा आवाज फक्त इथे, फक्त या रात्रीसाठी, टेबलापासून या दारापर्यंत पोचेल, पण मागे थांबलेल्या बायकांपर्यंत नाही, एवढाच. किटलीचं तिला पहिल्याच वर्षी कळलं असणार. मी चोरून ऐकत नव्हतो. मला ऐकवलं जात होतं.

त्यानं डोळा फटीच्या आणखी जवळ नेला.

आता तिची पाळी होती. वहिनींनी उदबत्ती तिच्या डाव्या हातात दिली. ती बसून राहिली. ओठ उघडले, मिटले. धूर सरळ वर गेला, मग थोडा कलला. बायका वाट बघत होत्या, कुणी नजर खाली केली, कुणाचं तान्हं किरकिरलं, आणि ती तशीच, उदबत्ती धरून, तिच्या मानेची शीर ताणलेली त्याला इथून दिसत होती. तोंडपाठ तर असेल. सगळं आत तस्संच असेल. ये बाहेर, ये…

मग वहिनी पुढे झाल्या. त्यांनी सोकखिमच्या हातावर आपला हात ठेवला, घसा साफ केला, आणि त्या चक्क मोठ्यानं बोलायला लागल्या.

"चांदआई, ही सोकखिमची बुनहुई. इथे नाहीये, लांब आहे, पण तीच आहे. रूप तुझं दे. हिंमत तुझी दे." आवाज कापला. सगळ्या बायका त्यांच्याकडे बघत होत्या. "नशीब मात्र… नशीब मात्र तुझं देऊ नकोस. रागावू नको गं बाई, हे माझे शब्द नाहीत." त्या थांबल्या. इकडेतिकडे बघितलं. मग दाराकडे तोंड करून, बाजारात भाव विचारावा तशा म्हणाल्या, "भाऊजी, पुढं काय होतं हो? तुम्ही 'आणि' म्हणालात, मग मीच थांबवलं तुम्हाला."

अंगणात कुणी हसलं नाही. सोकखिमनं डाव्या हातानं, खुर्चीला चाकं असल्यासारखी, ती ढकलायचा प्रयत्न केला, ती अर्धवट वळली, आणि त्या फटीतून तिनं त्याच्याकडे बघितलं. शोधलं नाही. तो कुठे असतो ते तिला ठाऊक होतं.

पुढचं एकच वाक्य होतं. आणि जेवायला बसली की समोर कुणीतरी असू दे. एवढंच. लेकीसाठी मागितलेलं, लहान, रोजचं, देवीला सहज देता येण्यासारखं. लेक झाल्यापासून दरवर्षी त्यानं ते तसंच ऐकलं होतं. आता ते त्याच्या ओठांवर आलं होतं आणि त्याच्या तोंडून बाहेर पडताना ते बुनहुईचं राहणार नव्हतं हे त्याला कळत होतं. हिवाळ्यातल्या त्या सकाळपासून, फणी जमिनीवर पडल्याच्या आवाजापासून, रोज चमचा भरताना, रोज तिच्या ओठाचा कोपरा पुसताना मी हेच म्हणत आलोय, फक्त मला शब्द माहीत नव्हते. जाऊ नकोस. समोर अस. भात सांड, रागाव, बोलू नकोस, पण समोर अस. बाकसेंगनं दाराला हात लावला. भीती गेली होती, तिच्या जागी काय आलं ते त्याला ओळखता आलं नाही, पण ते भीतीपेक्षा मोठं होतं आणि ऊबदार होतं. त्यानं श्वास घेतला, तिथेच, जिथे ती घ्यायची, आणि हे आधी कुणाला सांगायचं, त्या पिवळ्या चंद्राला की त्या खुर्चीतल्या बाईला, ते त्याला ठरवता येईना.